आतून लावलेलं कुलूप : एका पुनर्वसित गावातलं प्रकरण

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात जानेवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याहत्तरीच्या एक बाई भल्या पहाटे घरामागच्या संडासाच्या वाटेवर पडल्या. सापडल्या तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. मधल्या सहा-सात तासांत त्यांच्या दारावरून शाळेची पोरं गेली, दूधवाला गेला, हरभऱ्याच्या रानात जाणाऱ्या बायांची रिक्षा गेली. दोन घरं सोडून राहणाऱ्या, शेजारच्यांच्या सूनबाईंना कण्हणं ऐकूसुद्धा आलं. त्यांना ते कुणाच्या तरी मोबाइलमधलं वाटलं.

गाव या बाईंना आक्का म्हणतं, मीही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून त्या भागात माझं जाणं-येणं असतं. आक्का, त्यांचा लेक, शेजारीपाजारी आणि सरपंच यांच्याशी बोलून हे लिहिते आहे. 'खेड्यात म्हाताऱ्या माणसाला कसली भीती, सगळं गाव आपलं' हे वाक्य या कामात सारखं कानावर येतं. ते खोटं नाही. फक्त कसली भीती, हे कुणी पुढे विचारत नाही.

घर कसं आहे

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. ती भूकंपाने मेली म्हणण्यापेक्षा घरांनी मेली म्हणणं जास्त खरं. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकडावर पेललेलं मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं सगळं वजन झोपेतल्या माणसांवर आलं.

त्यानंतर पन्नासहून जास्त गावं जुनी पांढर, म्हणजे गावाची मूळ जागा, सोडून नव्या जागी वसवली गेली. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरातून संस्था आल्या. घर किती मोठं, हे जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्तवाल्यांना ७५०. आक्कांचं घर ४०० चौरस फुटांचं. भिंत आजही ठणठणीत आहे.

पण मोठ्या प्लॉटच्या मधोमध घर, पुढे रुंद सरळ रस्ता, मागच्या कोपऱ्यात संडास. जुन्या गावात आक्कांच्या गल्लीत सगळी भावकी होती. वाडे एकमेकांना टेकलेले, गल्ली एवढी अरुंद की बैलगाडी आली तर माणसाला ओसरीवर चढावं लागायचं. नव्या गावात घराच्या आकारानुसार ओळी पडल्या आणि भावकी तीन ओळींत वाटली गेली. थोरली जाऊ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. तरण्या माणसाला ते अंतर काहीच नाही. गुडघे गेलेल्या दोघी म्हाताऱ्यांना ते एवढं आहे की महिना-महिना भेट होत नाही.

आक्कांची आणखी एक सवय इथे सांगायलाच हवी. भूकंपापासून त्यांनी दाराला आतून कडी लावली नव्हती. जुन्या वाड्यात त्या रात्री कडी निघाली नाही म्हणून सासूबाई आतच राहिल्या, असं त्या सांगतात. 'कडी लावली की माझा जीव गुदमरतंय बघा.' या पट्ट्यात त्यांच्या वयाच्या बायकांकडून मी हे वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा ऐकलं आहे. भूकंपानंतर कित्येक वर्षं अंगणात झोपणारी माणसं इथे होती.

गेट कसं आलं

तात्या, म्हणजे आक्कांचे मालक, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. थोरला लेक चाकणला कंपनीत, धाकटा हैदराबादला, लेक सोलापूरला दिलेली. जमीन बटईने. आक्का एकट्या राहू लागल्या आणि खरं सांगायचं तर बऱ्या राहिल्या. सकाळी सातला ओट्यावर बसायचं, चहाचं पातेलं शेजारी, दार सताड उघडं. येणारा-जाणारा 'आक्का, झाला का चहा?' विचारून पुढे जायचा. गावाच्या दृष्टीने ही त्यांची हजेरीच होती, फक्त ती कुणी हजेरी म्हणून घेत नव्हतं.

२०२४ च्या जून-जुलैमध्ये मराठवाड्यात ड्रोनची हवा उठली. बीड, जालना, संभाजीनगरकडच्या गावांवर रात्री दिवे फिरताना दिसले म्हणून लोक जागरणं करू लागले. चोर घरं हेरून जातात अशी बोलवा झाली. चाकणच्या लेकाच्या मोबाइलवर ते व्हिडिओ पोचले. तो दोन दिवसांची रजा काढून आला आणि ओट्याला लोखंडी चॅनल गेट बसवून गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आई एकटी, गळ्यात बोरमाळ, दार उघडं. कोणत्याही लेकाने तेच केलं असतं. आईला त्याने एकच सांगितलं: 'दिवस मावळला की कुलूप. आणि सकाळी चांगलं उजाडल्याशिवाय उघडायचं नाही.'

चॅनल गेटचं एक वैशिष्ट्य आहे. पट्ट्यांमधून हात जातो, म्हणून कुलूप आतूनही लावता येतं आणि बाहेरूनही. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

तो दिवस

आक्कांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि जोडीला पायाची सूज उतरवणारी गोळी, जिला लोक 'पाण्याची गोळी' म्हणतात. ती सकाळी घ्यायची असते, कारण तिने लघवी वाढते. आक्का दोन्ही गोळ्या रात्रीच्या भाकरीबरोबर घ्यायच्या. एकदम घेतल्या की विसर पडत नाही. म्हणजे रात्रीतून तीनदा उठणं आलं. झोपेतून झटक्यात उठलं की रक्तदाब खाली येतो, भोवळ येते. मागच्या दाराबाहेर गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, त्यावर पहाटेचं दव, पायात झिजलेली स्लीपर, उजेड फक्त घरातल्या बल्बचा. पडण्यासाठी एवढं खूप झालं.

उजव्या बाजूवर पडल्या आणि पाय हलेना. हाका मारल्या. समोरची दोन घरं बंद. एक कुटुंब पुण्याला, एक लातूरला पोरांच्या शिक्षणासाठी. घरामागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि पलीकडे पडीक. थोड्या वेळाने ओरडायची ताकद गेली, असं त्या सांगतात. मग त्यांनी हाताला लागलेला डबा फरशीवर आपटायला सुरुवात केली. तोही पुढे हातातून निसटून घरंगळत गेला.

पुढच्या बाजूला काय चाललं होतं? कुलूप होतं. सातला होतं, नऊला होतं. गेट बसल्यापासून आक्का उशिरा उघडायच्या, म्हणून सातला कुणाला वावगं वाटलं नाही. नऊच्या पुढे शेजारणींनी आपापसात ठरवून टाकलं की आक्का सोलापूरला गेल्या. त्यांचं तरी काय चुकलं? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. आक्का तेव्हापासून मनात आलं की लेकीकडे जायच्या, कुणाला सांगून जायच्याच असं नाही. 'कुलूप दिसलं की म्हनलं गेल्या आसतील,' हे वाक्य मला तीन घरांत जवळजवळ याच शब्दांत ऐकायला मिळालं.

त्यात त्या दिवशी पाण्याची पाळी नव्हती. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. पाण्याच्या दिवशी अख्खी ओळ घागरी घेऊन बाहेर असते आणि कुणाच्या दारात घागर नाही हे पाच मिनिटांत कळतं. पाणी सोडणारा शिपाई तर हाक मारूनच पुढे सरकतो. आदल्या दिवशी पाणी येऊन गेलं होतं.

शेवटी एक शेळी काट्यांच्या फटीतून आत घुसली. तिच्यामागे शेळ्या राखणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी आक्कांना पाहिलं. या मावशी गावाच्या कडेच्या वस्तीवर राहतात. त्यांच्याकडे पुढे यायचं आहे.

गाव धावलं, ते कसं

मावशींनी आरडाओरडा केला आणि दहा मिनिटांत तीसेक माणसं जमली. कुणी १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत एका पोराने दाराची फळी काढली, चौघांनी पाय न हलवता आक्कांना फळीवर घेतलं. एवढी अक्कल या पोरांना कुठून, असं मी विचारलं तर एक जण म्हणाला, 'बापानं शिकवलंय. भूकंपात लई जणांचं उचलताना वाटोळं झालं.' पदराच्या गाठीतली किल्ली काढून गेट उघडलं. लातूरला पोचेपर्यंत गाडीभाड्याचे, औषधाचे पैसे गोळा झालेले. लेक चाकणहून रात्री पोचला तोवर गावातली दोन पोरं वॉर्डाबाहेर बसून होती आणि सगळे कागद त्यांच्या हातात होते.

संकट दिसलं की हे गाव कुणाला ऐकत नाही. ते दिसायला सात तास लागले, एवढंच.

आक्कांचा खुबा मोडला होता. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी लागते, नाहीतर छातीत कफ साठणं, पाठीला जखमा, रक्ताच्या गुठळ्या असं एकामागून एक सुरू होतं. आक्कांच्या बाबतीत आधी अंग गरम करणं, शरीरातलं पाणी भरून काढणं आणि किडनीकडे लक्ष ठेवणं आलं, कारण तासन्‌तास एका कुशीवर दबून पडलं की स्नायू खराब होतात आणि त्यातून सुटलेल्या द्रव्यांचा भार किडनीवर येतो. शस्त्रक्रिया चौथ्या दिवशी झाली. हाड मोडणं चुकलं नसतं असं धरलं, तरी पुढचा बराच त्रास त्या फरशीवरच्या तासांचा होता.

पासबुक

दवाखान्याच्या खर्चासाठी लेकाने आईचं पासबुक भरून घेतलं, तेव्हा दुसरंच काही बाहेर आलं. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे हप्ते, बटईच्या सोयाबीनचे पैसे असं खात्यात यायचं आणि आक्का गावातच, पैसे काढून देणाऱ्याच्या यंत्रावर अंगठा लावून लागतील तसे काढायच्या. नोंदीत मात्र त्यांनी न काढलेल्या रकमा होत्या. कुठे हजार, कुठे दोन हजार, बहुतेक वेळा खऱ्या व्यवहाराच्या दिवशीच, काही मिनिटांच्या अंतराने.

हे होतं कसं ते सांगते, कारण घरोघरी होऊ शकतं. आयुष्यभर खुरपं आणि जातं धरलेल्या बोटांचे ठसे झिजतात. यंत्रावर अंगठा एका फटक्यात उमटत नाही. 'आजी, घेईना गेलंय, परत लावा' असं कुणी म्हटलं तर खरंही असतं आणि खोटंही असू शकतं, आणि आजीला फरक कळायची सोय नाही. पैसे निघाल्याचा मेसेज जातो खात्याला जोडलेल्या नंबरवर. आक्कांच्या खात्याला तात्यांचा नंबर जोडलेला होता, जो ते गेल्यापासून बंद.

पैसे काढून देणारा गावातलाच, आक्कांना आजी म्हणणारा. गावाने बैठक घेतली, त्याने 'चूक झाली' म्हणत रक्कम परत केली आणि विषय मिटवला. 'आपल्याच लेकरावर केस करायची का?' हा सूर सगळ्यांचाच होता. मला ही तडजोड पटलेली नाही. आक्कांचे पैसे आले. पण त्याच यंत्रावर अंगठा लावणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्यांची पासबुकं कुणी भरून पाहिली नाहीत, आणि बैठकीने तो प्रश्न काढायची वाटच बंद केली. लेकाने निदान तीन कामं केली: खात्याला आणि आधारला स्वतःचा नंबर जोडला, आधारचे ठसे लॉक करून टाकले आणि बँकेत लेखी तक्रार दिली. अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची बाजू सगळ्यात भक्कम असते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा तोही लगेच. वर्षभराने कळणाऱ्यांना ही मुदत कुठून साधायची, हा प्रश्न आहेच.

ग्रामसभेत

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय निघाला. पहिली मागणी आली वेशीवर सीसीटीव्हीची. वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून बसवा म्हणाले. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. शेळ्या आणि पाण्याच्या मोटारी चोरीला जातात, त्याला उपयोग होईल. पण समोर घडलेलं प्रकरण होतं एका बाईच्या पडण्याचं आणि तिच्या खात्यातून गेलेल्या पैशांचं. दोन्हींत वेशीवरून आत कुणी आलंच नव्हतं.

नीट पाहिलं तर या गावात सुरक्षिततेचं प्रत्येक काम आदल्या संकटाला उत्तर म्हणून झालं आहे. माळवदं पडली म्हणून पक्की, सुटी घरं आली. ती सुटी झाली म्हणून माणूस शेजाऱ्याच्या नजरेआड गेला. मग चोराची हवा आली म्हणून गेट आलं आणि उरलीसुरली नजरही अडली. यात कुणाची कसूर दाखवता येत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

मी सभेत एवढंच मांडलं की बाळ जन्मलं तर आमच्या आशाताईंना ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जावं लागतं. तारखा ठरलेल्या, फॉर्म ठरलेला, मोबदला ठरलेला. अठ्ठ्याहत्तरीच्या एकट्या बाईसाठी असं वेळापत्रक नाही. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, खास करून एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी भेट द्यायची, असं आहे. पोलीस पाटलांनी ही तरतूद त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. वर सरपंचांच्या घरातले एक आजोबा उठून म्हणाले, 'पोलीस दारात आला तर म्हातारी तशीच मरंल.' सभा हसली. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं.

कागदावर फारसं काही आलं नाही. झालं ते बाहेर पारावर. पाणी सोडणाऱ्या शिपायाने सांगितलं की पाळी नसली तरी सकाळी एक फेरी मारायला त्याची हरकत नाही, फक्त कुणाकुणाच्या दारात डोकवायचं ते लिहून द्या. त्याला पंचायतीने महिन्याला थोडे पैसे वाढवून दिले. खूण ठरली ती आक्कांच्याच सुचवण्याने: सकाळी उठलं की ओट्यावर तांब्या ठेवायचा. आठपर्यंत तांब्या दिसला नाही तर हाक मारायची. गावाला जायचं असेल तर शेजारी सांगायचं, आणि कुलपाची दुसरी किल्ली चाकणला न ठेवता शेजारच्या सूनबाईंकडे. किल्लीवरून लेकाने दोन दिवस घोळ घातला. पासबुकाच्या प्रकरणानंतर ओळखीच्या माणसावर तरी विश्वास कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न रास्त होता. शेवटी बोरमाळ बँकेच्या लॉकरमध्ये गेली आणि किल्ली सूनबाईंकडे.

घरात त्याने पाचेक हजारांत जे केलं ते गेटच्या खर्चापेक्षा कितीतरी उपयोगाचं: रात्रीसाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची, मागच्या वाटेवर खरखरीत कोबा आणि भिंतीला धरायला पाइप, मागच्या दाराबाहेर दिवा. पाण्याची गोळी सकाळवर आणली. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या आकड्यांत भिंतीवर लिहिला. आक्कांनी तो अजून लावलेला नाही. 'काय बोलू त्यांच्यासंगं?'

चाकणला नेण्याचाही प्रयत्न झाला. दवाखान्यातून सुटल्यावर दोन महिने त्या तिथे होत्या. चौथा मजला, लेक आणि सून दोघं कामावर, नातू शाळेत, दिवसभर दार बंद. तिथे पडल्या असत्या तरी संध्याकाळीच कळलं असतं, हे लेकानेच मला सांगितलं. पाडव्याला त्या वॉकर घेऊन गावी परतल्या.

यादी

शिपायासाठी एकट्यांची यादी ग्रामपंचायतीत बसून केली. रेशनकार्डावरून केली, कारण तेच हाताशी होतं. जिथे कार्डावर एकच नाव, तो माणूस एकटा. यादी वाचून दाखवली तेव्हा आशाताईंनी विचारलं, शेळ्यावाल्या मावशी कुठे आहेत? आक्कांना शोधणाऱ्या मावशी सत्तरीच्या पुढच्या आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वस्तीवर पत्र्याच्या खोलीत राहतात. पण त्यांच्या कार्डावर सात नावं. लेक-सून दसऱ्यानंतर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. त्या सहा महिन्यांत मावशी एकट्याच असतात, कधी कधी पदरात शाळेत जाणारा नातू. कागदावर मात्र त्या भरल्या घरात.

वस्तीवर अशी घरं ओळीने आहेत. शिपायाची फेरी तिथे जात नाही, कारण तिथे नळ नाही, हातपंप आहे. ग्रामसेवकांचं म्हणणं, हंगामी एकट्यांसाठी रजिस्टरला रकाना नाही. आशाताईंनी वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी सुरू केली आहे आणि टोळ्या निघाल्या की, दसऱ्याच्या आठवड्यात, ती दरवर्षी नव्याने करायची असं ठरलं आहे. वस्तीवर सकाळी कोण जाणार, हे अजून ठरायचं आहे. वेशीवरचा कॅमेरा मात्र मे महिन्यात बसला.